डोळे मिटून केलेली कानउघाडणी

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी बोलावून घेतलं. गृहस्थ निवृत्त दंतवैद्य आहेत, त्यामुळे वाईट बातमी देण्याआधी 'जरासं दुखेल हं' असा चेहरा करायची त्यांना सवय आहे. तो चेहरा पाहूनच मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

बातमी अशी, की मोठ्या सिस्टरनी राजीनामा दिला आहे. चर्चच्या या वृद्धाश्रमातला अंथरुणाला खिळलेल्यांचा विभाग त्यांनी एकोणीस वर्षं सांभाळला. चौदा खाटा, आणि चौदाही माणसं अशी की कूससुद्धा दुसऱ्याने वळवून द्यावी लागते. गेल्या वर्षभरात सात नर्स सोडून गेल्या, या आठव्या. आता विभाग चालवेल असं अनुभवी माणूस उरत नाही. त्या मार्चअखेर गेल्या तर विभाग बंद, असं मंडळाने ठरवलंय. चौदा जणांना घरी पाठवायचं म्हणे. त्यातल्या नऊ जणांना घरच नाही. हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं, मी सांगितलं तेव्हा ते चष्मा पुसत बसले.

"तुमच्याकडे आठ आठवडे आहेत," ते म्हणाले. "सिस्टरना थांबवा. आणि मंडळाने तुमच्यासाठी एक कोच नेमलाय."

"कोच? मी कुठे पळायला जाणार आहे?"

"नेतृत्वासाठी हो. हल्ली बऱ्याच मिशन संस्थांत असतो."

वयाच्या बावन्नाव्या वर्षी कोच! मी म्हटलं, आपल्या प्रभूने बारा शिष्य सांभाळले, त्याला कुणी कोच नेमून दिला नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "बारातला एकच फुटला त्याचा. तुमचे सात गेलेत."

माणसाचं आयुष्य दात उपटण्यात गेलंय, हे मी विसरायला नको होतं.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

सकाळची उपासना नेहमीप्रमाणे पावणेसातला. रात्रपाळी घरी जायच्या आधी आणि दिवसपाळी कामाला लागायच्या आधी, तेवीस माणसं जेवणघरात जमतात. एक गीत, एक वचन आणि मग मी प्रार्थना करतो. प्रार्थनेत मी कुणालाही विसरत नाही. आज म्हटलं, "हे प्रभो, आमच्या स्वयंपाकीणबाईंना दूध उतू न घालण्याची बुद्धी दे. आमच्या नव्या नर्सचा फोन तिच्या खिशात शांत राहू दे. आणि ज्या भगिनीच्या मनात हे घर सोडण्याचा विचार आला आहे, तिचं हृदय मऊ कर."

चांगली झाली. सगळ्यांनी खणखणीत आमेन म्हटलं. मोठ्या सिस्टरनीही.

अकरा वर्षं इथे अधीक्षक आहे, पण एकाही माणसावर आवाज चढवल्याचं कुणी दाखवून द्यावं. टाकून बोलणं माझ्या स्वभावात नाही. जे काय सांगायचं ते मी वर सांगतो.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

कोच येऊन गेला. मला वाटलं होतं, टाय लावलेला कुणी तरणाबांड येईल आणि फळ्यावर बाण काढेल. आले ते सत्तरीचे, सुती शर्टाचे, ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तीस वर्षं गाडी शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आता चर्चच्या संस्थांत पाळक, मुख्याध्यापक, माझ्यासारखे अधीक्षक, अशांच्या शेजारी बसतात. शेजारीच बसतात, समोर नाही. सवय म्हणे.

मी आमचं दुखणं मांडलं. हल्लीच्या मुलींत सेवाभाव उरला नाही, त्याग नको, पाट्या टाकल्या की झाल्या मोकळ्या. मी बोलतोय आणि मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातोय.

"पाय दुखतोय का?"

"नाही नाही. समोर भिंत दिसली की आपोआप दाबला जातो. चालू द्या तुमचं."

चालू कसलं द्यायचं! मग त्यांनी विचारलं, गेलेल्या सात जणींनी कारण काय सांगितलं?

"घरगुती अडचण."

"सातही जणींनी?"

"हो. घरोघरी मातीच्या चुली, मास्तर."

"आणि सातही चुली एकाच वर्षात विझल्या," ते म्हणाले आणि उठले. जाताना मला गृहपाठ दिला. एक आठवडा, कुणी मला 'नाही' म्हटलं की वहीत लिहून ठेवायचं. कुणी म्हटलं, कशाला म्हटलं.

नातवाला गृहपाठ देतात तसा. पण करणार आहे. शेवटी चौदा खाटांचा प्रश्न आहे, माझ्या नाकाचा नाही.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

वहीत एकच नोंद निघाली, तीही बायकोची. मी तिला रविवारी पाहुणे बोलावू का विचारलं, तेव्हा म्हणाली नाही.

मी मास्तरांना जरा अभिमानानेच कोरं पान दाखवलं. म्हटलं, तेवीस माणसं, सात दिवस, एकही विरोध नाही. असा एकोपा शोधून सापडणार नाही.

मास्तरांनी पान उलटून मागची बाजूही पाहिली. म्हणाले, "गाडी शिकणारा माणूस प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणायला लागला की मी गाडी कडेला घ्यायला लावायचो."

"का? ऐकतोय तर चांगलंच की."

"ऐकत नसतो तो. घाबरलेला असतो."

मी सांगितलं, की आमच्याकडे भीतीचं काय काम, आम्ही सगळे प्रभूमध्ये एक आहोत. पाय पुन्हा दाबला गेला. पुढच्या आठवड्यात सकाळच्या उपासनेला येऊ का, असं त्यांनी विचारलं. जरूर या म्हटलं. आमची उपासना पाहायला बाहेरून माणसं येतात.

सोमवार, १८ फेब्रुवारी

संध्याकाळी जेवणाआधी मी प्रार्थना केली, "ज्या हातांनी हे अन्न रांधलं त्या हातांना मिठाचं प्रमाण कळू दे."

बायको म्हणाली, "अहो, मी इथे बसले आहे. तुमच्यापासून दीड हातावर. एवढं वरून वळसा घालून कशाला येता?"

हिला आध्यात्मिक गोष्टींची गोडी पहिल्यापासून कमीच.

बुधवार, २० फेब्रुवारी

मास्तर उपासनेला आले, मागच्या बाकावर बसले. मी जरा जास्त मन लावून प्रार्थना केली. धोब्याकडून उशिरा येणाऱ्या चादरी, नव्या नर्सचा फोन (अजून वाजतो), औषधांच्या तक्त्यात राहिलेली एक सही. काहीच सोडलं नाही.

नंतर माझ्या खोलीत ते म्हणाले, "एक कबुली द्यायची आहे. प्रार्थनेत मी डोळे उघडे ठेवले होते. माफ करा."

"होतं असं. काय दिसलं?"

"बाकीच्यांचेही उघडे होते."

"सगळ्यांचे?"

"तुमचे सोडून."

पुढे त्यांनी सांगितलं, की मी ज्याच्यासाठी प्रार्थना करायचो, सगळ्या माना हळूच त्याच्याकडे वळायच्या. ती व्यक्ती आपल्या चपलांकडे बघायची. नव्या नर्सच्या वेळी शेजारणीने तिचा हात धरला होता. आमेनला मात्र सगळे वेळेवर होते.

मी म्हटलं, उपासनेत डोळे उघडे ठेवणं ही श्रद्धेची कमतरता आहे. यावर एक चांगला संदेश द्यावा लागेल.

मास्तरांनी चहा संपवला.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

एवढं मनावर घ्यायचं कारण नाही, पण प्रयोग करून पाहिला. आज कुणाचंही वर्णन केलं नाही. म्हटलं, "आमच्यातल्या एका व्यक्तीची एक सवय तू जाणतोस, प्रभो. ती तू बदल."

त्याचा परिणाम असा, की दुपारपर्यंत तीन जण 'ती व्यक्ती मी का?' असं विचारून गेले. स्वयंपाकीणबाई दोनदा. पहारेकरी तर खोलीत येऊन रडकुंडीला येत म्हणाला, की दुपारी तो गेटवर तासभर झोपतो, यापुढे झोपणार नाही. मला हे ठाऊकच नव्हतं! माझ्या मनात फक्त नळ उघडा ठेवणारी व्यक्ती होती, आणि तीसुद्धा नक्की कोण ते मला माहीत नव्हतं.

माझ्याच आश्रमात माझी प्रार्थना म्हणजे बंदुकीची गोळी झाली आहे की काय? कुणाला लागेल, नेम नाही.

आज पहिल्यांदा जेवण गेलं नाही.

शुक्रवार, १ मार्च

मास्तरांना सरळ विचारलं, काय करू सांगा.

"तुम्हांला काय वाटतं?"

"अहो, मी तुम्हांला विचारतोय! उलट प्रश्न विचारायला मंडळाने नेमलंय होय तुम्हांला?"

"गाडी तुमची आहे. मी चाकाला हात लावला तर तुम्ही माझ्या रस्त्याने जाल. मी उतरल्यावर काय करणार?"

मग त्यांनी विचारलं, मोठ्या सिस्टरांना मी शेवटचं बोलताना कधी ऐकलं. हो, बरं आणि आमेन सोडून. मी आठवून पाहिलं. खिडकीबाहेर बागेला पाणी घालणाऱ्या बाईने तीन कुंड्या भरल्या, तेवढा वेळ आठवत होतो. एकोणीस वर्षांपैकी अकरा वर्षं ही बाई माझ्या हाताखाली आहे. तिचा आवाज मला आठवतो, तो फक्त गीताच्या दुसऱ्या ओळीत.

"मी त्यांना जाऊन विचारीन," मी म्हणालो. "का जाताय म्हणून."

"आणि त्या बोलताना तुम्ही काय कराल?"

"समजावून..." पाय दाबला गेला. "बरं. ऐकीन."

"कधी?"

"बघू."

"बघू हा कुठला वार?"

"मंगळवार," मी दात ओठ खात म्हटलं. "दुपारी तीन."

चौदा माणसांची नावं आज एका कागदावर लिहून मेजाच्या काचेखाली सरकवली. नऊ नावांखाली रेघ मारली.

मंगळवार, ५ मार्च

तीन वाजता चादरींच्या खोलीत गेलो. मोठ्या सिस्टर घड्या घालत होत्या. मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही का जाताय?"

"घरगुती अडचण आहे, साहेब."

"ते मी सात वेळा ऐकलंय."

त्यांनी चादर खाली ठेवली नाही. घडीवर घडी घालत राहिल्या. मला इतकी चुळबूळ झाली की सवयीने तोंडातून निघालं, "चला, आपण प्रार्थना करू या."

"आज नको, साहेब." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आज मला बोलायचं आहे. तुम्ही डोळे मिटलेत की मला बोलता येत नाही."

मग त्या बोलल्या. मागच्या वर्षी एकदा त्या चाळीस मिनिटं उशिरा आल्या होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी आईला दवाखान्यात ठेवलं होतं. मी त्या दिवशी प्रार्थनेत म्हटलं होतं, की आमच्यातल्या ज्येष्ठ भगिनीला घड्याळाचा मान राखायला शिकव.

"सगळ्यांसमोर. आणि मी आमेन म्हटलं. माझ्याच विरुद्ध. त्याच संध्याकाळी आई गेली. तुम्ही अंत्यविधीला आलात. तिथेही प्रार्थना केलीत. छान केलीत हो, खोटं कशाला बोलू. सगळे रडले. मला मात्र रडू आलं नाही."

"मग मला सांगायचं नाही का, सिस्टर!"

"कधी सांगायचं? माणूस ओरडला तर उलट बोलता येतं. तुम्ही देवाशी बोलत असता. मध्ये बोललं तर आम्ही अधर्मी. आणि तुम्ही डोळे उघडता तोवर सगळे कामाला लागलेले असतात."

मला सांगायची होती माझी बाजू. होतीही बरीच. पण मास्तरांना शब्द दिला होता. मी एक चादर उचलली, घडी घालायला लागलो. सिस्टरनी ती माझ्या हातातून घेतली आणि नीट घातली.

बुधवार, ६ मार्च

रात्रभर विचार करून सकाळीच मास्तरांना फोन लावला. उद्याच्या उपासनेत मी मोठ्याने पश्चात्तापाची प्रार्थना करणार, सगळ्यांसमोर. "हे प्रभो, मी चुकलो." मजकूर वाचून दाखवला. मला स्वतःलाच भरून आलं होतं.

मास्तरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माफी कुणाची मागायची आहे?"

"सिस्टरांची. सगळ्यांचीच."

"मग देवाला मध्ये का घालताय?"

मी फोन ठेवला. मजकूर फाडला. चांगला मजकूर होता.

गुरुवार, ७ मार्च

गीत झालं, वचन झालं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी म्हटलं, "डोळे उघडा. प्रार्थना नाही करत आहे. तुमच्याशी बोलतोय."

तेवीस जोडी डोळे एकदम माझ्यावर आले. मी म्हटलं, की मी प्रार्थनेच्या आडून तुम्हांला बोललो. समोर बोलायची हिंमत नव्हती म्हणून. मोठ्या सिस्टरांना त्यांच्या आईच्या आजारपणात बोललो. मी चुकलो. यापुढे कुणाला काही सांगायचं असेल तर त्याच्या समोर बसून सांगीन, आणि त्याने मला उत्तर द्यावं.

अशा वेळी काय म्हणायचं असतं ते आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. शेवटी स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, "बरं. पण साहेब, दूध माझ्याने उतू जात नाही. शेगडीची कळ ढिली आहे. वर्ष झालं."

मोठ्या सिस्टरनी मान पुन्हा खाली घातली होती.

शेगडी दुपारी दुरुस्त झाली. बारा मिनिटं लागली.

बुधवार, १३ मार्च

गेलेल्या सात जणींपैकी चौघींचे पत्ते मिळाले. चौघींच्या दारात गेलो. एकीने जाळीच्या दाराआडूनच ऐकून घेतलं आणि "ठीक आहे" म्हणून आतलं दार लावलं. एक घरी नव्हती, किंवा नव्हती असं तिच्या सासूने सांगितलं. तिसरीने चहा दिला आणि तासभर फैलावर घेतलं. मी ऐकलं. मध्ये दोनदा 'पण' म्हणालो, तर म्हणाली, "झालं तुमचं सुरू!"

चौथी म्हणाली, मोठ्या सिस्टर राहणार असतील तर मी परत येईन. तुमच्यासाठी नाही.

म्हटलं, चालेल.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चौघींकडे जाऊन आलात?" मी म्हटलं, हो, आता कुणी उरलं नाही. ती हसली. काय विनोद झाला, कळलं नाही.

सोमवार, १८ मार्च

मोठ्या सिस्टर स्वतः खोलीत आल्या. मी राजीनाम्याचा विषय काढला.

"साहेब, माफी एका सकाळची असते. मला इथे रोजची सकाळ काढायची आहे. आज तुमच्यामागे मास्तर आहेत. ते गेल्यावर?"

उत्तर नव्हतं. तसंच सांगितलं, की उत्तर नाही.

याने त्यांना बरं वाटलं असावं, कारण त्यांनी पिशवीतून कागद काढला. मंडळाने हे मान्य केलं तर राहीन, म्हणाल्या. कुणाची चूक असेल तर बंद दाराआड, समोरासमोर, उत्तर द्यायची मुभा ठेवून सांगायची. पाळ्यांचा तक्ता नर्सनी लावायचा. मंडळाच्या बैठकीत विभागाविषयी विभागाचा माणूस बोलणार. आणि शेवटचं, अधीक्षकाने महिन्यातून एक पूर्ण पाळी विभागात मदतनीस म्हणून करायची, सिस्टरांच्या हाताखाली.

"हे शेवटचं कशाला?"

"तुम्ही अकरा वर्षं आमच्या कामासाठी प्रार्थना करताय," त्या म्हणाल्या. "काम काय आहे ते बघायला नको?"

सोमवार, २५ मार्च

मंडळाची बैठक. कागद मी वाचला. तो का लिहावा लागला, तेही सांगितलं, आईच्या प्रसंगासकट. सिस्टर दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या.

एका विश्वस्ताने विचारलं, "उद्या प्रत्येक जण अटी घालायला लागला तर?"

"तर मला वर्षभर आधी कळेल," मी म्हटलं, "सात माणसं गेल्यावर नाही."

कुजबुज वाढली. अधीक्षकाने मदतनीस व्हायचं म्हणजे संस्थेची शोभा, असंही कुणी म्हणालं. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे हात जोडले. "मतभेद दिसतात. आपण हा विषय प्रार्थनेत ठेवू या आणि पुढच्या बैठकीत..."

"नाही," मी म्हटलं.

आमच्या मंडळाच्या इतिहासात हा शब्द बहुधा पहिल्यांदाच उच्चारला गेला. अध्यक्षांचे हात तसेच जोडलेले राहिले.

"पुढच्या बैठकीपर्यंत विभाग बंद झालेला असेल. प्रार्थना जरूर करू. पण आधी भांडून घेऊ. सिस्टर, तुम्ही बोला."

सिस्टर उभ्या राहिल्या. पाऊण तास चाललं. अध्यक्ष त्यांच्याशी दोनदा भांडले आणि दोनदा हरले. सहा विरुद्ध दोन मतांनी कागद मंजूर झाला. राजीनाम्याचं पाकीट सिस्टरनी परत मागितलं. न फाडता पिशवीत ठेवलं.

मास्तरांना कळवलं. "छान," म्हणाले. "पुढचा आठवडा?" म्हटलं, मंडळाने आठच आठवडे नेमलंय तुम्हांला. म्हणाले, "मंडळाने नेमलं होतं. आता तुम्ही सांगा."

शुक्रवार, अकरा वाजता. मीच सांगितलं.

सोमवार, १ एप्रिल

पहिली पाळी, सकाळी सात ते दुपारी तीन. कंबर अशी धरली आहे की हे पडूनच लिहितोय.

खिडकीजवळच्या खाटेवर एक आजोबा आहेत, आयुष्यभर बोटीवर सुकाणू धरलेले. आता दिसत नाही, कान मात्र तिखट आहेत. त्यांना कुशीवर वळवायचं होतं. मी आपला देवाचं नाव घेऊन ओढायला लागलो.

"तसं नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. सगळ्या विभागासमोर, मोठ्याने. "गुडघे वाकवा, कंबर नाही. एक हात खांद्याखाली. त्यांना आधी सांगा, मग हात लावा."

मी गुडघे वाकवले. सांगितलं, "आजोबा, वळवतो हं." वळवलं. उशी पाठीला लावली. तीही चुकीची लावली होती, सिस्टरनी काढून पुन्हा लावायला लावली.

आजोबांनी मान जराशी आवाजाच्या दिशेने केली.

"सिस्टर, हा नवीन आहे का?"

"हो. आज पहिलाच दिवस."

"हात जड आहे," आजोबा म्हणाले. "पण ऐकतोय. ठेवून घ्या."